पाणी न मागणारी बॅटरी

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "स्कूटर सेल्फवर लगेच उठते, की कुरकुर करते?"

एकट्या मुलीला खोली देताना घरमालक काय काय विचारतात ते मला तोवर पाठ झालं होतं. गाव कुठलं, लग्नाचं कुठवर आलंय, यायला उशीर होतो का, घरात मासे-मटण शिजणार का. सगळी उत्तरं तोंडावर तयार होती. आणि हा गृहस्थ माझ्याकडे ढुंकूनही न बघता फाटकाबाहेर लावलेल्या माझ्या स्कूटरकडे बघत होता. मी म्हटलं, "सकाळी किक मारावी लागते." झालं! लेंग्याच्या खिशातून मीटर निघाला, मला सीट उचलायला लावली, दोन वायरी टेकवल्या आणि मान हलवत म्हणाले, "बारा व्होल्टलाही पोचत नाही. उपाशी आहे बिचारी. बरं, सामान कधी आणतेस?"

म्हणजे खोली मिळाली. भाड्याचं वगैरे नंतर काकू बोलल्या.

घर नाशिकरोडला, जेलरोडच्या आतल्या गल्लीत. खाली काका-काकू, वर मी. मी सिन्नरच्या एका औषध कंपनीत तपासणीच्या विभागात नुकती लागले होते. पुढे माझं लग्न झालं, पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला, तिथे आता सगळं नीटनेटकं आहे. पण तसा घरमालक पुन्हा भेटला नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्या माणसाचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. म्हणून त्यांच्याबद्दल बोलायला बसलं की मी थांबत नाही.

काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. पण खांब, तारा, बिलं यांच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. सबस्टेशनात एक बॅटरी रूम असते. बाहेरची वीज गेली तरी तिथली यंत्रं चालली पाहिजेत, म्हणून त्या खोलीत बॅटऱ्यांच्या रांगा मांडलेल्या असतात. काकांनी जवळपास सगळी नोकरी त्या खोलीत काढली. पाणी बघायचं, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, काचेची नळी बुडवून आतलं ॲसिड किती कस धरून आहे ते बघायचं, टर्मिनल पुसायचे, त्यांना व्हॅसलीन लावायचं. खात्यातले लोक त्यांना पाणक्या म्हणत. हे मला दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच सांगितलं, आणि तेही छाती फुगवून.

त्यांच्या एकूण एक शर्टांना बारीक बारीक भोकं होती. ॲसिडची. निवृत्तीनंतरही गल्लीतल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या तेच बघत, त्यामुळे काकू नवा शर्ट आणत, आठ दिवसांत त्याची चाळण. तसाच घालून ते लग्नाला जात. व्हॅसलीनची डबी कायम खिशात. टर्मिनलला लावायची तीच डबी नाशिकच्या थंडीत ओठांनाही. मी एकदा म्हटलं, "काका, निदान डब्या तरी दोन ठेवा." तर म्हणाले, "का? दोघांनाही हवा लागूनच पापुद्रे येतात." 

माणसंही ते मीटरवरच मोजत. मी थकून कंपनीतून आले की फाटकातच, "आज अकरा नऊ दिसतेस. जेव आणि झोप." शेजारचा सोसायटीचा चेअरमन फार बोलायला लागला की हळूच, "ओव्हरचार्ज झालाय." मला सुरुवातीला वाटायचं, हा माणूस गंमत करतोय. गंमत नव्हती. त्यांना खरंच तसं दिसत होतं. मी कुतूहलाने विचारलं, "काका, तुम्ही स्वतः किती?" त्यावर गंभीरपणे म्हणाले, "स्वतःचं स्वतःला मोजता येत नाही."

काकू हसऱ्या होत्या आणि फार आजारी होत्या. साखर, ब्लडप्रेशर, मग किडनी. काका त्यांचं सगळं करत. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, बिनसाखरेचा चहा, मग बोटाला टोचून साखर, दंडाला पट्टा. भाजी जवळजवळ अळणी. जिना नव्हता चढायचा, पण अंगणातल्या पायऱ्या उतरतानासुद्धा हात धरायचे. बॅटरी रूममध्ये रांगेतला एक सेल निवडलेला असतो, रोज तेवढाच मोजायचा, त्यावरून बाकीच्यांचा अंदाज घ्यायचा. त्याला पायलट सेल म्हणतात. काकू मला म्हणायच्या, "मी यांची पायलट सेल आहे गं. मला बघून हे सगळ्या जगाचं ठरवतात."

गाडी घेतली तीही काकूंसाठी. हॉस्पिटलला जाताना रिक्षात धक्के बसायचे. काकांनी चांगली नवी, सगळ्या सोयींची गाडी घेतली. सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की चालू, अशी.

तिच्यातून पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा मी मागे बसले होते. द्वारका चौकात सिग्नल लागला आणि गाडी गप्प झाली.

"गेली!" काका म्हणाले, आणि आम्ही काही बोलायच्या आत खाली उतरून बॉनेट उघडून उभे.

सिग्नल सुटला. मागे ट्रक, एसट्या, सगळ्यांचे भोंगे. काकू काचेतून ओरडतायत, "अहो, ती मुद्दाम बंद होते! त्या शोरूममधल्या मुलाने सांगितलं नव्हतं का?"

"मला कुणी काही सांगितलं नाही!"

"तुम्ही तेव्हा टायरं दाबून बघत होतात!"

वाहतूक हवालदार धावत आला. "ओ काका, गाडी बाजूला घ्या आधी. आरती काय ओवाळताय तिला भर चौकात!" मी मागच्या सीटवर हसू दाबून दाबून बेजार झाले.

घरी आल्यावर त्यांनी पुन्हा बॉनेट उघडलं, डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणली, आणि असे ओरडले की मला वाटलं साप निघाला.

"हिला झाकणंच नाहीत!"

खरंच नव्हती. काळा गुळगुळीत ठोकळा. पाणी घालायला जागाच नाही. काकांनी शोरूमला फोन लावला. "पाणी कुठून घालायचं?" पलीकडून उत्तर आलं, घालायचं नाही. "मग ती पिते काय?" काहीच नाही सर, सीलबंद आहे, बसवायची आणि विसरून जायची. फोन ठेवून काका ओट्यावर येऊन बसले.

"विसरून जायची म्हणे," ते म्हणाले. "जी वस्तू काही मागत नाही तिच्यावर माझा विश्वास नाही. मागणारी बरी. निदान काय कमी पडतंय ते कळतं."

"म्हणून तर माझ्यावर एवढा विश्वास," काकू आतून म्हणाल्या.

काकू पुढच्या थंडीत गेल्या. हॉस्पिटलात, झोपेत. काका रडले नाहीत, निदान माझ्यासमोर नाही. पण गोळ्यांच्या वेळेला ते उठायचे, स्वयंपाकघरात जायचे, पाणी कोमट करायचे आणि पेला हातात धरून उभे राहायचे. मग मोरीत ओतून द्यायचे. वरून मला मोरीत पाणी पडल्याचा आवाज यायचा. तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

असेच काही महिने गेले. एका रविवारी खाली ठाकठूक ऐकू आली म्हणून डोकावले, तर काका त्या सीलबंद बॅटरीला स्क्रू ड्रायव्हर लावून बसलेले. वरचा स्टिकर सोलून काढला होता, त्याखालची पट्टी उचकटत होते. "निघालं बघ!" मला बघून म्हणाले. "लपवून ठेवली होती झाकणं. बघ कशी कोरडी पडलीय आतून. तहानलेली." आणि बाटली घेऊन ओतलं पाणी. किती दिवसांनी तो माणूस हसला होता! त्यांना अडवणं माझ्या जिवावर आलं. 

महिन्या-दीड महिन्यात बॅटरी मेली. दुकानातल्या माणसाने ती उलटसुलट बघितली आणि विचारलं, "हिच्यात पाणी कोणी घातलं?" काकांनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

त्यांची मुलगी पुण्याला असते. तिला हे मीच फोनवर सांगितलं. ती हसली आणि मग एकदम रडायला लागली. त्या शनिवारी येऊन वडिलांसमोर बसली. "बाबा, तुम्ही लग्न करा. नाहीतर उद्या तुम्ही फ्रिजही उघडून त्यात पाणी घालाल." काका म्हणाले, काहीतरीच काय. पण नाही म्हणाले नाहीत. ज्येष्ठांचे वधू-वर मेळावे भरतात, तिथे नाव घातलं. आणि देवळ्याजवळच्या एका खेड्यातल्या बाईंचं जमलं.

लग्नाला देवळ्याला जायचं तर गाडी भरवशाची पाहिजे, म्हणून काकांनी आदल्या आठवड्यात नवी बॅटरी आणली. दुकानदाराला हात लावू दिला नाही. तो म्हणत होता, गाडी तेवढी कंपनीच्या सर्व्हिसला नेऊन दाखवा, पण काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरी आणून स्वतः बसवली. अंगठी काढली, घड्याळ काढलं, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. आणि मला समोर उभं करून, "म्हण! उतरवताना आधी मायनस, चढवताना आधी प्लस." मी म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. टर्मिनल घट्ट आवळले, व्हॅसलीन लावलं. बॅटरी काढली की गाडी काही गोष्टी विसरते, हेही त्यांनी पुस्तकात वाचून ठेवलं होतं. म्हणून घड्याळ पुन्हा लावलं, काचा वरखाली करून त्यांना पुन्हा शिकवलं. मग त्याच गाडीतून नव्या बायकोला घेऊन आले.

त्यांना मी अक्का म्हणायला लागले, त्यांनीच सांगितलं तसं. उंच, रापलेल्या, आवाज असा की वरच्या मजल्यावर वेगळी हाक मारायला नको. नवरा ऐन तरुणपणी गेला, त्यानंतर कांदा पिकवून दोन पोरं वाढवली. ट्रॅक्टर स्वतः चालवत. आता शेत पोरांकडे, घर सुनांकडे. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "तिथं आता मला काय काम ऱ्हायलं? दिवसभर ओट्यावर बसून ऱ्हायचं. इथं निदान बोलायला माणूस तरी हाये." आणि स्वतःची भलीमोठी बॅग स्वतः उचलून आत नेली. काका मागून "अहो, अहो, उचलू नका" करत धावले.

तिथून सुरुवात झाली.

काका त्यांना अहो-जाहो करत, अगदी पाहुण्यासारखं. पण सकाळी उठून कोमट पाणी द्यायचे. मग बिनसाखरेचा चहा. मग बोटाला टोचणं, दंडाला पट्टा. भाजी अळणी. पायऱ्या उतरताना हात धरायचे. बादली उचलू द्यायची नाही. पहिल्या दिवशी वरण तोंडात घालून अक्का थांबल्या आणि त्यांच्या तोंडून गावची अहिराणी निघाली, "हाई काय शे?" काका म्हणाले, "मीठ कमीच बरं." अक्कांना वाटलं, या घरची रीत असेल. त्या जेवल्या.

"पहिले मला लय भारी वाटलं," त्या मला गच्चीवर सांगत होत्या. "माझ्या पहिल्या मालकानं कधी जेवली का म्हणून इचारलं नाय. हा माणूस हात धरून पायऱ्या उतरवतो. म्हटलं, नशीब काढलं बाई."

मग काही दिवसांनी त्या वर आल्या आणि माझ्या दाराची कडी आतून लावून घेतली. मला कळेना काय झालं.

"तू औषधाच्या कंपनीत हाये ना?"

"हो."

"मग खरं सांग. माझ्या गळ्याची शपथ. मला काय झालंय?"

"म्हणजे?"

"रोज पट्टा लावतो. रोज बोट टोचतो. गोड नाय, मीठ नाय. काहीतरी मोठं दुखणं असंल बघ. ह्या माणसाला कळलंय आन् मला सांगत नाय. पोरांनी लगीन करताना लपवलं का काय माझ्यापासून?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. ट्रॅक्टर चालवलेली बाई ती!

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी त्यांना खाली बसवलं. म्हटलं, "अक्का, तुम्हाला काही म्हणजे काही झालेलं नाही. हे काकूंचं पथ्य आहे. त्यांना साखर होती, ब्लडप्रेशर होतं. काकांच्या हाताला ती सवय लागलीय."

अक्कांनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "म्हणजे ते ताट तिचं. माझ्यापुढं मांडतो." आणि जरा थांबून, "मला काय धाड भरलीय! चांगली धडधाकट हाये मी. चहा टाक. साखर घालून. आन् लोणचं असंल तर काढ."

तेव्हापासून माझं स्वयंपाकघर म्हणजे अक्कांचं चोरटं माहेर झालं. मी कंपनीतून आले की त्या 'कपडे आणायला' गच्चीवर यायच्या आणि माझ्याकडे ठेचा-भाकर खाऊन जायच्या. तोंडाला लागलेलं लाल तिखट पुसून, चूळ भरून खाली. साठीच्या पुढची बाई स्वतःच्या नवऱ्याला चुकवून खातेय, याला काय म्हणायचं?

मी एकदा काकांशी बोलून बघितलं. "काका, अक्कांना साखर नाही."

"आज नाही," ते म्हणाले.

"मग?"

"हिच्या..." ते काकूंच्या फोटोकडे बघत म्हणाले, "हिच्या वेळी मला उशिरा कळलं. आधीपासून जपलं असतं तर आज असती. आता पुन्हा उशीर करणार नाही मी."  त्यांना वेडं म्हणावं तर म्हणवेना.

गाडीचंही त्याच दिवसांत काहीतरी बिनसलं होतं. सिग्नलला ती बंद व्हायची थांबली. काकांना आनंद झाला. "माणसाळली," म्हणाले. पण मग बॅटरीला हात लावला की ती गरम लागायची. नवी कोरी, आणि अंगाने फुगल्यासारखी दिसायला लागली. काका मीटर लावून रोज बघायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. त्यांना हे कोडं सुटेना. गाडी तर नीट चार्ज करतेय, उलट जास्तच करतेय. म्हणजे बॅटरीच अशक्त निघाली, असं त्यांनी ठरवलं आणि संध्याकाळी घरचा चार्जरही लावायला लागले. वर मला समजावून, "लहानपणापासून खाऊपिऊ घातलं की अंग धरते."

एप्रिलमध्ये ऊन चढलं. अक्का कपडे धुताना नळापाशी डोकं धरून बसल्या. डोळ्यांपुढे अंधारी. मी तेव्हा घरीच होते, धावत जाऊन मीठ-साखरेचं सरबत दिलं, तेवढ्याने त्या सावरल्या. पण काका पांढरेफटक पडले. "बघ, मी म्हणत नव्हतो?" त्यांनी अक्कांना आत नेऊन निजवलं, त्यांचा चहाच बंद केला, भाजीतलं उरलंसुरलं मीठ काढलं, पट्टा दिवसातून कितीदा तरी. चार दिवस अक्कांना अंगणात येऊ दिलं नाही. मी खिडकीतून बघितलं तर ती बाई पलंगावर पडून आढ्याकडे बघत होती. ज्यांचा आवाज वरच्या मजल्यावर यायचा त्यांचा आवाज घरात ऐकू येईना. मला त्यांची काळजी वाटायला लागली.

पाचव्या दिवशी सकाळी मी कंपनीच्या बससाठी खाली उतरले तर अक्का पायरीवर उभ्या. पायाशी तीच मोठी बॅग.

"जाते गं," त्या म्हणाल्या. "पोरांकडं. चार दिवस नाय, कायमची."

"काकांना सांगितलंत?"

"सांगितलं. परत येणार नाय असं तोंडावर सांगितलं. तर म्हणतो कसा, बरं, पण उन्हात बसस्टँडवर पायी नका जाऊ, मी सोडतो." अक्का बोलता बोलता कडवट हसल्या. "ह्या माणसाशी भांडण तरी कसं करायचं, तू सांग!"

काका गाडीत बसले होते. किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक, टक. बस्स. खाली उतरले, हातमोजे चढवले, बॉनेट उघडलं, मीटर लावला, आणि त्यांचे खांदेच पडले. सहा महिन्यांची बॅटरी. शेवटी त्यांनी सर्व्हिस सेंटरला फोन लावला आणि हात मोकळे हवेत म्हणून स्पीकरवर टाकून बंपरवर ठेवला. पलीकडे एक तरुण मुलगी होती.

"सर, बॅटरी बदलली तेव्हा रीसेट करून घेतलं होतं का?"

"घड्याळ लावलं. काचा शिकवल्या," काका म्हणाले.

"ते नाही सर. बॅटरी नवीन आहे हे गाडीला सांगावं लागतं. आम्ही मशीन लावून करतो."

"सांगावं लागतं? अहो, तिच्याच पोटात बसवलीय! तिला कळत नाही?"

"नाही ना सर. तिच्या मेमरीत जुनीच बॅटरी असते. जुनी थकलेली होती, म्हणून गाडीने तिला जास्त जास्त चार्ज द्यायची सवय लावून घेतलेली असते. मग नवी बसवली तरी ती तेवढाच देत राहते."

"मग चांगलंच आहे की. जास्त मिळतं."

"चांगलं नाही सर. त्यानेच नवी खराब होते. नव्या बॅटरीला तेवढं लागतच नसतं."

 मी अक्कांकडे बघितलं. त्या पायऱ्या उतरून खाली आल्या, कुणीही हात न धरता, आणि बंपरवरच्या फोनपुढे वाकल्या.

"बाई, ते शेवटचं परत सांग गं."

"कोण बोलतंय?"

"मी नवी," अक्का म्हणाल्या. "सांग परत."

पलीकडे मुलगी जरा गोंधळली, मग पाठ केल्यासारखं म्हणाली, "नव्याला तेवढं लागत नसतं, मॅडम. जुन्याच्या हिशेबाने दिलं की नवीन खराब होते."

"ऐकलं?" अक्का काकांकडे वळल्या. आवाज पुन्हा पहिल्यासारखा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "गाडीचं तरी ऐकाल ना? मी कधीची सांगते तर ऐकू येत नाय. अहो, ती गेली! तुम्ही लय केलं तिचं, सगळी गल्ली सांगते. पण मी ती नाय. मला साखर नाय, मला काय बी नाय, तरी तुम्ही मला रोज थोडं थोडं मारताय!"

शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. चेअरमन असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी जागची हलले नाही. खोटं कशाला बोलू, मला काका काय बोलतात ते ऐकायचं होतं. नाक्यावर बस येऊन निघून गेली असेल, जाऊ दे म्हटलं.

काकांनी फोन बंद केला. हातमोजे काढले, एक एक बोट ओढून, सावकाश. काही तरी सांगायला तोंड उघडलं. मला वाटलं, आता तेच येणार, उशीर झाला होता, जपलं पाहिजे. पण ते आलं नाही. त्यांचे डोळे भरले होते. काकू गेल्या तेव्हा मी न बघितलेलं पाणी त्या दिवशी भर उन्हात गालावरून खाली आलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"मग," ते म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले, "मग तुम्हाला काय लागतं?"

अक्का उत्तर द्यायला सरसावल्याच होत्या. गेले कित्येक दिवस मला गच्चीवर ऐकवत होत्या ते सगळं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. आणि त्या तशाच थांबल्या. काकांकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. कमरेवरचा हात खाली आला. मग त्या हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवत, पायरीवर बसल्या.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात. "हे मला जन्मात कुणी इचारलं नाय. आठवून बघू द्या."